परक्या देशात, परक्या स्टँडमध्ये : मैदानावर जाऊन सामना पाहण्याचे अनुभव

निळी_छत्री

कामानिमित्त आठ महिने जपानमध्ये होते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी एकटीच बेसबॉलचा सामना बघायला गेले. आयुष्यातला पहिलाच. आदल्या रात्री बसून नियम वाचून काढले होते: तीन स्ट्राइक, चार बॉल, नऊ इनिंग. मैदानावर पोचल्यावर लक्षात आलं की खेळाचे नियम अर्धवट कळले तरी निभावतं, शेजारचा सांगतो. पण आपण कुठल्या स्टँडमध्ये बसलोय आणि तिथे काय चालतं हे ठाऊक नसेल तर पंचाईत होते. ते कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय. मी माझा अनुभव लिहिते, तुम्ही तुमचे लिहा.

मैदान होतं कोशिएन. ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून हानशिन लाइनची जलद गाडी पकडली की पाव तासाच्या आसपास पोचतो. १ ऑगस्ट १९२४ ला हे मैदान सुरू झालं. ते वर्ष जुन्या पंचांगाच्या साठ वर्षांच्या चक्रातलं पहिलं, त्या वर्षाचं नाव ते मैदानाचं नाव. हानशिन टायगर्सचं हे घर. त्या दिवशी समोर होता हिरोशिमा कार्प.

गाडीच्या डब्यातच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. सगळा डबा पिवळा-काळा. आजोबा, शाळेतली मुलं, ऑफिसातून थेट आलेले लोक कोटावर संघाची जर्सी चढवून. आणि माझ्या अंगात लाल टीशर्ट. हिरोशिमाचा रंग लाल आहे हे मला माहीत नव्हतं. तिकीट काढताना मी ‘स्वस्तातलं, उघड्यावरचं’ एवढंच बघितलं होतं, ते निघालं उजवीकडच्या आउटफील्डचं, म्हणजे फलंदाजापासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या टोकाचं. टायगर्सचे सगळ्यात कडवे पाठीराखे तिथेच असतात. पाहुण्या संघाच्या लोकांना डावीकडच्या टोकाला वेगळा तुकडा दिलेला असतो. घरच्या आउटफील्डमध्ये पाहुण्यांची जर्सी घालून बसायला, त्यांच्यासाठी ओरडायला बंदीच आहे.

माझी जर्सी नव्हती, साधा टीशर्ट होता, त्यामुळे कुणी अडवलं नाही. पण शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टीशर्टकडे बघितलं, आणि पिशवीतून पिवळा टॉवेल काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं जपानी दुकानात बिल देण्यापुरतं. मी तो टॉवेल खांद्यावरून पुढे सोडला, लाल रंग झाकला गेला, त्यांनी समाधानाने मान हलवली. नंतरचे तीन तास त्या माझ्या शिक्षिका होत्या.

त्यांनी हातवारे करून शिकवलेलं थोडक्यात सांगते. आपला संघ फलंदाजीला असेल तेव्हाच ओरडायचं. समोरचा फलंदाजीला आला की खाली बसायचं, खायचं-प्यायचं, गप्पा मारायच्या. त्या वेळेवर हक्क समोरच्यांच्या कोपऱ्याचा. ड्रम, ट्रंपेट, झेंडे घेऊन पाठीराख्यांचं एक शिस्तबद्ध पथक असतं, ते सगळं चालवतं. प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं. खेळाडू बदलला की गाणं बदलतं आणि पूर्ण स्टँडला ते पाठ असतं. हातात दोन छोटे प्लास्टिकचे दांडके, त्यांनी ताल धरायचा. कुठल्या ठोक्यावर दांडके आपटायचे आणि कुठल्यावर हवेत न्यायचे हे बाईंनी माझी मनगटं धरून दाखवलं.

हिरोशिमाची पाळी आली की डावीकडचा तो लाल तुकडा उसळायचा. निम्मे उभे राहायचे तेव्हा निम्मे बसायचे, मग उलट. लांबून बघताना पाणी उकळल्यासारखं दिसतं. पंचेचाळीस हजारांच्या मैदानात त्या थोड्या लोकांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, कारण बाकीचे त्यांना तो काढू देत होते. मला हे फार आवडलं. गोंगाटाच्या जागी गोंगाटाची पाळी असते हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणखी काही गोष्टी. बाटली आणि कॅन आत नेता येत नाहीत, दारावरच कागदी पेल्यात ओतून देतात. चेंडू फाउल होऊन प्रेक्षकांकडे यायला लागला की कर्मचारी शिट्टी वाजवतात. शिट्टी ऐकली की आधी वर बघायचं, हे बाईंनी सगळ्यात आधी शिकवलं. कचरा आपापल्या पिशवीत. सामना संपल्यावर माझ्या पायाखाली एक कागद राहिला होता, तो बाईंनी उचलला आणि मला फार शरम वाटली.

टायगर्स जिंकले. मी उठायला लागले तर बाईंनी हाताला धरून खाली बसवलं. पथकाने पुन्हा पहिल्यापासून एकेका खेळाडूचं गाणं सुरू केलं. मैदान रिकामं, माती सपाट करणारे लोक कामाला लागलेले, आणि स्टँड गातोय. निघताना मी टॉवेल परत दिला. त्यांनी घेतला नाही.

आता तुम्ही सांगा. कुठे गेलात, कुठला खेळ, आणि स्टँडने काय शिकवलं?

पहिलीच_वेळ

वा! अगदी वेळेवर धागा आला. पुढच्या महिन्यात जर्मनीला जातोय, डॉर्टमुंडचं तिकीट मित्राने मिळवून दिलंय. दक्षिण बाजूचं, उभं राहून बघायचं. फुटबॉल टीव्हीवर भरपूर बघतो, पण मैदानावर कधीच गेलेलो नाही. कुणी गेलंय का?

तिरकी_सावली

सुंदर लिहिलंय. त्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

मधली_रांग

@पहिलीच_वेळ, मी त्याच भागात चार वर्षं काढली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

दक्षिण स्टँड म्हणजे ‘पिवळी भिंत’. सुमारे २५ हजार माणसं एकाच उतारावर उभी राहतात, युरोपात उभं राहून बघायचा एवढा मोठा स्टँड दुसरा नाही. पूर्ण मैदान ८१ हजारांच्या वर आहे. तुमच्या तिकिटावर ब्लॉक असेल पण जागेचा क्रमांक नसेल. म्हणजे जो आधी येईल त्याला हवी ती पायरी. खेळ सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी आत असा. दर काही पायऱ्यांनी लोखंडी आडवे कठडे आहेत, कठड्याला लागूनची जागा मिळाली तर गोल झाल्यावर मागून येणारा लोंढा अंगावर येत नाही. उंची कमी असेल तर वरच्या बाजूला जा. अगदी मधोमध, गोलच्या मागे, ढोल आणि झेंडेवाले असतात, तिथे पहिल्याच वेळी उभं राहू नका. झेंड्यामुळे खेळ दिसत नाही आणि तिथल्या लोकांची अपेक्षा असते की तुम्ही नव्वद मिनिटं गाल. कडेच्या ब्लॉकमध्ये जरा श्वास घेता येतो.

पाठीवरची मोठी बॅग नेऊ नका. ए-४ कागदापेक्षा मोठी पिशवी आत सोडत नाहीत. सामन्याच्या तिकिटावर स्थानिक बस-ट्रामचा प्रवास धरलेला असतो का ते तिकिटावरच वाचा, जर्मनीत बऱ्याच क्लबांचा असतो. बिअरच्या पेल्याचे पैसे अनामत घेतात आणि पेला परत केला की मिळतात. बाहेर पडताना काही संस्थांचे लोक पिंप घेऊन उभे असतात, पेला त्यांना दिला की अनामत त्यांच्या कामाला जाते. मी नेहमी तिथेच देतो.

आणि गोल झाला की काय करायचं ते आधी पाठ करून जा. निवेदक गोल करणाऱ्याचं फक्त पहिलं नाव पुकारतो. आडनाव स्टँडने ओरडायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बऱ्याच जर्मन मैदानांवर शेवटी तो ‘डांके’ म्हणतो, म्हणजे धन्यवाद, आणि सगळे मिळून ‘बिटे’ म्हणतात. संघातल्या अकरा जणांची पूर्ण नावं पाठ करा. नियमांपेक्षा ती जास्त उपयोगी पडतील.

तिथले लोक क्लबला ‘आमचा’ म्हणतात ते नुसतं प्रेमाने नाही. जर्मनीत ‘५० अधिक १’ असा नियम आहे, मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहतं, काही अपवाद सोडले तर पैसेवाल्याला पूर्ण क्लब विकत घेता येत नाही. उभं राहायची स्वस्त तिकिटं अजून टिकून आहेत त्यात या सभासदांच्या आग्रहाचा मोठा वाटा आहे. शेजारच्याला याबद्दल विचारा, मध्यंतर पुरणार नाही.

पहिलीच_वेळ

बापरे, किती नेमकं! आडनावं पाठ करायला घेतो. कठड्याचं तर कधी सुचलंच नसतं.

दुर्बीण

इंग्लंडचा माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो, दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील.

फुटबॉलचं तिकीट मी एका पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतलं. साइटचं नाव लिहीत नाही. दारावर स्कॅन केलं तर लाल दिवा. ते मूळ ज्याच्या नावावर होतं त्याचं सभासदत्व क्लबने रद्द केलं होतं. मुलाला घेऊन गेलो होतो, तो दहा वर्षांचा. आम्ही बाहेरच्या फूटपाथवर उभं राहून आतला आवाज ऐकला. पहिला गोल झाला तेव्हा मुलाने विचारलं, “कुणी मारला असेल?” मला अजून ते विसरता येत नाही.

नंतर कळलं की इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. तिथे सरळ मार्ग एकच: क्लबचं सभासदत्व घ्या, मग क्लबच्या स्वतःच्या विक्रीत किंवा क्लबच्याच अदलाबदलीच्या सोयीत तिकीट मिळतंय का बघा. सामने टीव्हीसाठी पुढे-मागे होतात. वेळापत्रकात शनिवार लिहिलाय म्हणून शनिवारचं विमान बांधू नका, सामना रविवारवर किंवा सोमवारवर जाऊ शकतो.

धागाकर्तीने रंगाचं लिहिलंय ते इंग्लंडमध्ये शंभरपट खरं. पाहुण्या संघाचा स्कार्फ घालून घरच्या स्टँडमध्ये दिसलात तर बाहेर काढतात, तिकिटाच्या अटींतच ते लिहिलेलं असतं. पाहुण्यांचा गोल झाल्यावर नुसतं उठून उभं राहिल्याबद्दल माझ्या समोरच्या दोघांना नेलेलं मी पाहिलंय (पुढच्या वर्षी नीट सभासदत्व घेऊन गेलो तेव्हा). आणि जर्मनीच्या उलट, मैदान दिसेल अशा जागी दारू नेता येत नाही. वरच्या पाच पातळ्यांच्या फुटबॉलला १९८५ पासून तसा कायदा आहे. जे काय प्यायचं ते मागच्या ओवरीत उभं राहून.

उभं राहण्याबद्दलही. १९८९ ची हिल्सबरोची दुर्घटना, चेंगराचेंगरीत ९७ लोक गेले. त्यानंतर वरच्या स्तरातली मैदानं पूर्ण खुर्च्यांची झाली. जानेवारी २०२२ पासून काही मैदानांवर कठडे लावून उभं राहायला परत परवानगी मिळायला लागली. म्हणून तिथे ‘सगळे उभे आहेत मग मीही’ असं न करता आपल्या ब्लॉकला परवानगी आहे का ते पाहावं. तो विषय तिथे फार हळवा आहे.

निळी_छत्री

@दुर्बीण, मुलाचा तो प्रश्न वाचून गलबलून आलं. पुढच्या वर्षी तो आत आला ना सोबत?

दुर्बीण

आला. दोन गोल पाहिले. दोन्ही वेळा माझ्याकडे वळून म्हणाला, “हा मी पाहिला.”

कोरा_कागद

मला थोडं वेगळं म्हणायचंय. राग मानू नका. आपला काहीएक संबंध नसलेल्या संघाचा टॉवेल गळ्यात घालून ओरडणं मला खोटं वाटतं. त्या लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा, आणि आपण एका संध्याकाळचे पाहुणे. मी परदेशात चार-पाच सामने पाहिले, दर वेळी तटस्थ बसलो आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवल्या. मला तेच प्रामाणिक वाटतं.

निळी_छत्री

@कोरा_कागद, राग कसला. मीही यावर विचार केलाय. तटस्थ बसायचं असेल तर तशी जागा घ्यावी असं मला वाटतं. कोशिएनलाच इनफील्डच्या, म्हणजे फलंदाजाकडच्या भागाच्या, मागे शांतपणे खेळ बघणारे, वहीत धावफलक भरणारे लोक बसतात. तिथे तुमच्या दोन्हीकडच्या टाळ्या शोभतील. पण उजव्या आउटफील्डमध्ये मी हाताची घडी घालून बसले असते तर ते त्या बाईंना टोचलं असतं. मी टायगर्सची भक्त झाले असं म्हणत नाही. त्यांनी घरात घेतलं, तेवढ्या वेळापुरती त्यांच्या घरची झाले. पाहुण्याने पंगतीत बसून उपाशी राहू नये, एवढंच.

मधली_रांग

छत्रीताईंशी सहमत. पिवळ्या भिंतीत तटस्थ माणूस म्हणजे कुणातरी पाठीराख्याची अडवलेली जागा.

कोरा_कागद

जागा निवडण्याचा मुद्दा पटला. ओरडण्याचा अजून नाही. :)

घाटवळण

मी तिकीटच नसलेल्या खेळाबद्दल लिहिते. टूर द फ्रान्स, सायकलची शर्यत.

आल्प्समधला आल्प द्युएझचा घाट, २१ वळणं, जवळजवळ १४ किलोमीटरची चढण. आम्ही दोघी मैत्रिणी पहाटे चालत निघालो, कारण गाड्यांसाठी रस्ता फार आधी बंद होतो. सहाव्या-सातव्या वळणापाशी एक सावलीचा तुकडा मिळाला. मग वाट बघणं. पाच-सहा तास. मला कुणी सांगितलं असतं की पाच-सहा तास थांबून दोन मिनिटांचा खेळ बघायचाय तर मी गेले नसते आणि फार मोठ्या गोष्टीला मुकले असते. कारण तो दिवस त्या पाच-सहा तासांचाच होता. शेजारी तीन पिढ्यांचं कुटुंब, दरवर्षी येणारं. त्यांच्या आजीने आम्हाला छत्रीत घेतलं. रस्त्यावर खडूने नावं लिहायला दिली. साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक जाते, टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या असं काहीबाही फेकत. मोठी माणसंही मुलांसारखी झडप घालतात.

मग खालच्या वळणांवरून आवाज चढत येतो. आधी हेलिकॉप्टर, मग पोलिसांच्या मोटरसायकली, मग एकदम सायकलस्वार. चढ एवढा की वेग कमी असतो, त्यामुळे चेहरे दिसतात. टीव्हीवर हे कधी कळलं नव्हतं: ते किती बारीक असतात, आणि त्यांचा श्वास ऐकू येतो. हाताच्या अंतरावरून. पुढचे गेले की लोक उठत नाहीत. शेवटचा गट, ज्यांना फक्त वेळेच्या आत पोचायचंय, त्यांच्यासाठी टाळ्या जास्त जोरात होत्या. आजी म्हणाल्या (मैत्रिणीला फ्रेंच येतं) की पहिल्याला टाळ्यांची गरज नसते.

एकच कळकळीचं सांगणं. दोरी नाही, भिंत नाही, सगळा विश्वासाचा मामला आहे. २०२१ च्या पहिल्याच टप्प्यात एक बाई पुठ्ठ्याची पाटी घेऊन कॅमेऱ्याकडे बघत रस्त्यात झुकली आणि पूर्ण जथा एकमेकांवर कोसळला. तिला नंतर १,२०० युरो दंड झाला. झेंडा, पाटी, कॅमेऱ्याचा पट्टा, लहान मूल, सगळं शरीराच्या मागे धरा. सेल्फीसाठी रस्त्याकडे पाठ करू नका. त्यांच्याबरोबर धावू नका.

तिरकी_सावली

“पहिल्याला टाळ्यांची गरज नसते” हे वाक्य लक्षात राहील.

सोबतीला_छोटी

लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना अमेरिकेबद्दल: एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) मैदानांवर २०१३ पासून पारदर्शक पिशवीचा नियम आहे, १२ × ६ × १२ इंचांपर्यंत. तान्ह्या मुलाची पिशवी असेल तर कुठल्या दाराने जायचं ते मैदानाच्या पानावर आधी वाचा, आम्ही पार्किंगपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. खेळ घड्याळात ६० मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांवर जातो. तिकीट फोनवरच असतं, बॅटरी संपली तर दारावर अडचण. बेसबॉल मुलांना घेऊन जायला सोपं वाटलं, उठता-बसता येतं. शिकागोच्या रिग्ली फील्डवर (१९१४ चं मैदान) एक पाहिलं: पाहुण्या संघाचा होमरन प्रेक्षकात पडला की झेलणारा तो चेंडू परत मैदानात फेकतो. माझ्या मुलीला ते पटेना. “मिळालेला चेंडू कोण टाकतं?”

शून्य_दोनशे

आता क्रिकेट. २३ ऑक्टोबर २०२२, मेलबर्न, भारत-पाकिस्तान. ९०,२९३ लोकांत मी एक.

सामना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. टीव्हीवर काय नव्हतं तेवढं सांगतो. मैदानावर समालोचन नसतं. इतक्या वर्षांत आपला कान समालोचनाने विचार करायला लागलाय हे मला त्या रात्री कळलं. ४ बाद ३१ झाले तेव्हा आमच्या भागात नुसती शांतता. कुणी धीर देणारं नाही, ‘अजून आशा आहे’ म्हणणारं नाही, आकडे सांगणारं नाही. जे वाटतं ते आपलं आपणच वाटून घ्यायचं. कोहलीने १९ व्या षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर रौफला जे दोन षटकार मारले, त्यातला पहिला चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ गेला. माझ्या जागेवरून तो आधी वर जाताना दिसला आणि मला वाटलं झेल. तो षटकार आहे हे मला लोकांच्या उठण्यावरून कळलं.

आणि शेवटचं षटक. १६ हव्या होत्या. नो बॉलवर षटकार, मग वाइड, मग फ्री हिटवर चेंडू यष्ट्यांवर. दिवे लागले, बेल उडाल्या आणि हे दोघं पळतायत! एक, दोन, तीन. आमच्या पूर्ण ब्लॉकला कळेना की हा त्रिफळा आहे की धावा आहेत. पाकिस्तानचे खेळाडू पंचांपाशी जमले. पडद्यावर काही नाही. फोनचं नेटवर्क लोकांच्या गर्दीने आडवं झालेलं. घरी बसलेल्या भावाचा संदेश, “फ्री हिटवर बोल्ड नसतं, तीन बाइज मिळाल्या”, मला सामना संपल्यावर वीस मिनिटांनी मिळाला. आम्हाला नियम सांगितला तो माझ्या डाव्या हाताला बसलेल्या हिरव्या जर्सीतल्या गृहस्थांनी. त्यांचा संघ हरत होता आणि ते मला समजावत होते की धावा बरोबर आहेत, चेंडू डेड झालेला नाही. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

मग कार्तिक यष्टिचीत, अश्विनने वाइड सोडला, शेवटची धाव. त्या गृहस्थांनी हात पुढे केला. माझा घसा पूर्ण बसला होता, मी नुसता हात धरून उभा राहिलो.

तर @कोरा_कागद, मेलबर्नला स्टँड वाटलेले नव्हते, निळे-हिरवे शेजारी शेजारी. तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉललाही असंच असतं म्हणे मित्र सांगायचा, मग एकदा गेलो. खरंच, दोन्ही संघांचे लोक एकाच बाकावर, एकमेकांच्या कानात ओरडतात आणि मध्यंतरात एकमेकांसाठी पाणी आणतात. त्यामुळे ‘कुठे बसायचं’ याचं उत्तर देशागणिक बदलतं.

कोरा_कागद

@शून्य_दोनशे, हा प्रतिसाद दोनदा वाचला. हिरव्या जर्सीतल्या त्या गृहस्थांनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. बाजू घेऊनही प्रामाणिक राहता येतं.

घड्याळकाटा

विम्बल्डन. तिकिटांच्या सोडतीत नंबर लागला नाही तर रांग आहे, आणि ती रांग हाच एक सोहळा आहे. पार्कात क्रमांकाचं कार्ड देतात, ते जिवापाड जपायचं, दुसऱ्याला देता येत नाही. तंबू दोन माणसांचा, त्याहून मोठा नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गायब राहिलात तर क्रमांक जाऊ शकतो. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्ट यांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रोज रांगेतल्यांसाठी राखलेली असतात (सेंटर कोर्टची शेवटचे काही दिवस नसतात). बाकीच्यांना मैदानाचा पास. मी म्हणेन पहिल्या आठवड्यात पासच घ्या. बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू तीन हातांवर असतात, सर्व्हिसचा वेग अंगावर येतो. गेम चालू असताना जागेवर जाता येत नाही, खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच सोडतात. लॉर्ड्‌सवरही तसंच, षटक संपेपर्यंत जिन्यात थांबायचं.

सोबतीला_छोटी

@निळी_छत्री, सुमो पाहिलंत का? मुलीला दाखवायचंय. दिवसभर असतं ना?

निळी_छत्री

हो, सप्टेंबरमध्ये, तोक्योच्या र्‍योगोकू कोकुगिकानला. तिथे जानेवारी, मे, सप्टेंबर अशा तीन स्पर्धा होतात, प्रत्येक पंधरा दिवसांची. कुस्त्या सकाळीच सुरू होतात, नवखी मुलं, रिकामं सभागृह. मुलीला घेऊन दुपारी दोन-अडीचला जा, म्हणजे कंटाळणार नाही आणि पावणेचारच्या सुमारास वरच्या गटाचा आखाड्यात येण्याचा विधीही मिळेल. सहाला संपतं. खालच्या चौकटींत मांडी घालून बसावं लागतं, चौकट चौघांची असते पण पाय लांब करायला जागा नाही. वर खुर्च्या आहेत, मुलांसाठी त्याच बऱ्या. योकोझुना (सर्वोच्च दर्जाचा मल्ल) हरला की लोक बसायच्या गाद्या आखाड्याकडे भिरकावतात. तशी मनाई आहे, दरवेळी सांगतातही, तुम्ही फेकू नका. पण त्या उडताना मुलीला दाखवा.

अवांतर: कोशिएनची एक गोष्ट राहिली होती. ऑगस्टमध्ये तिथे शाळांची स्पर्धा असते, टायगर्स तेव्हा स्वतःचं मैदान सोडून बाहेर खेळतात. ४९ शाळा, हरलं की बाहेर. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो. हरलेली मुलं रडत रडत मैदानातली काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. १९५८ साली ओकिनावाची शाळा पहिल्यांदा आली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, म्हणजे कागदोपत्री परदेश. परत जाताना रोपांच्या रोगराईच्या नियमावर बोट ठेवून बंदरात त्यांची माती फेकून द्यायला लावली. ते कळल्यावर विमानातल्या काही सेविकांनी कोशिएनचे खडे गोळा करून त्या मुलांना पाठवले. खड्यांना तो नियम लागू नव्हता. मी ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा मुलं माती भरत असताना आजूबाजूला सगळे उभे राहिले होते, जिंकलेल्या शाळेचेही. मीसुद्धा उभी राहिले. त्या दिवशी पिवळा टॉवेल पिशवीतच ठेवला होता, तिथे तो कुणाचाच रंग नव्हता.

तिरकी_सावली

वाचनखूण साठवली.

पहिलीच_वेळ

परत आलो! काल रात्रीच घरी पोचलो, झोप उडालेली आहे म्हणून लगेच लिहितो.

@मधली_रांग, कठडा मिळाला. दोन तास आधी गेलो तरी मधला भाग भरलेला होता, कडेच्या ब्लॉकमध्ये बाराव्या पायरीवर कठड्याला लागून जागा मिळाली. माझ्या बाजूला एक बाप-लेक, लेक चाळिशीचा, बाप सत्तरीचा. मी कुठून आलो विचारलं, पहिलीच वेळ म्हटल्यावर बापाने आपला स्कार्फ काढून मला दोन्ही हातांनी वर कसा धरायचा ते दाखवलं. संघ मैदानात आले तेव्हा पूर्ण स्टँडने स्कार्फ वर धरले आणि मला समोर पिवळ्याशिवाय काही दिसेना.

पहिला गोल झाला तेव्हा आडनावं पाठ असूनही माझ्या तोंडून काहीच फुटलं नाही. मागून लोंढा आला, कठड्याने वाचवलं, कुणाचीतरी बिअर डोक्यावर सांडली. निवेदकाने पहिलं नाव पुकारलं आणि चारी बाजूंनी ते आडनाव आलं, पायाखालची पायरी हलली. मी नुसता ऐकत राहिलो.

दुसरा गोल ८० व्या मिनिटाच्या पुढे. यावेळी म्हाताऱ्या बापाने माझ्या दंडाला धरलं आणि थांब असं बोट वर केलं. निवेदकाचा आवाज आला, पहिलं नाव. बापाने बोट खाली केलं. आडनाव मी ओरडलो. तिन्ही वेळा.

पेला पिंपात टाकला.